दादाचा जबडा आणि किन्नुझ

माझ्या दादाचं तोंड एका सकाळी मिटलं, ते उघडेचना.

काल शिरूरला दादा गेला. झोपेतच.
पण मला कालपासून आठवतंय ते दौंड. सत्तरच्या दशकातलं.

दादा तिथं हायस्कूलला इंग्रजी शिकवायचा. आई आन् मी न्हावऱ्याहून त्याच्याकडं राहायला गेलो होतो.

शब्दांच्या मुळांचं त्याला भारी वेड.
जेवताना माझी हनुवटी धरून सांगायचा, "हिला इंग्रजीत चिन, जर्मनमध्ये किन. दोघींची आई एकच, लई जुन्या जर्मानिक बोलीतली किन्नुझ. कुणी लिहून ठेवलेली न्हाई ती. लेकींच्या तोंडावळ्यावरनं विद्वानांनी आईचा चेहरा जुळवला. उत्तरंला, स्वीडन-नॉर्वेकडं गेलेल्या लेकीचा अर्थ तर गाल झाला."

त्याच दिवसांत त्याच्या पायात गंजका खिळा घुसला. जखम भरली. आम्ही विसरलो.

मग एका सकाळी भाकरीचा घास ओठांशीच अडला.
"थट्टा पुरं. तोंड उघड," आई म्हणाली.
दादानं मान हलवायला बघितली. मानही हलेना.

धनुर्वात.

पुण्याच्या दवाखान्यात अंधारी खोली. आवाज करायचा नाही, नर्सनं बजावलेलं.
बाहेर ट्रॉली आपटली की दादा कमानीसारखा वाकायचा. दात करकरायचे.
आणि तो पूर्ण शुद्धीवर. डोळे सताड उघडे.

शेजारच्या कॉटवरचा माणूस दुसऱ्या दिवशी नव्हता. गादी गुंडाळलेली.


दादानं माझा हात ओढला. तळव्यावर बोटानं लिहिलं, "बोल."

काय बोलू? सुचेल ते कानात कुजबुजले.
"दादा, आपल्या संस्कृतातल्या हनूपासून किन्नुझ झाली. किन्नुझपासून चिन."

त्याचं बोट पुन्हा हललं.
"न्हाई. बहीण."

हनू ही किन्नुझची आई नव्हे, बहीण. मरणाच्या दारात माझी चूक दुरुस्त करत होता.
त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, हा जगेल.

जबडा कितीतरी आठवड्यांनी सैल झाला. आधी बोटभर. "पाणी," दादा म्हणाला.
आई भिंतीला टेकून खाली बसली.

त्यानंतर तो आयुष्यभर शिकवत राहिला, वाद घालत राहिला.
तरी जेवताना जरा थांबला की मी घाबरून त्याच्या तोंडाकडं बघायचे. म्हातारपणीसुद्धा.
"घास चावतोय गं," तो म्हणायचा.

आता ती भीती उरली नाही. उरली असती तर बरं झालं असतं.

दादा, तुझ्या बहिणीचा अखेरचा जय भीम.