चिमण्यांचा घास

सुभेदारीणकाकू जेवायला बसल्या की भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवायच्या, ताटाच्या कडेला ठेवायच्या आणि म्हणायच्या, “हा रंगाचा.” मगच त्यांचा हात तोंडाकडे जायचा. जेवण झालं की तो घास मागच्या दाराच्या पायरीवर कुस्करून टाकायच्या. तिथं चिमण्या वाटच बघत असायच्या. रंगराव हा त्यांचा एकुलता मुलगा. दुसऱ्या लढाईत पलटणीबरोबर इराकात गेला आणि लढाई संपल्यावर तिथंच, बसऱ्याच्या बंदरावर नोकरीला राहिला. काकूंची ही सवय मात्र त्याच्याही आधीची. पहिल्या लढाईत सुभेदार समुद्रापलीकडे होते, तेव्हापासूनची. परगावी गेलेल्या माणसाला उपाशी ठेवून आपण जेवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांच्या घरी राहायला गेले त्या पहिल्याच दिवशी मी विचारलं, “काकू, कावळ्याला का नाही घालत?”

त्यांचा हात थांबला. “येडी का खुळी गं तू? कावळ्याचा घास मेलेल्याचा. जितं माणूस चिमणीचं. कालिजात शिकतीस आन् एवढं बी ठावं न्हाई?”

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझे वडील सुभेदारांच्या हाताखालचे शिपाई. साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून ते मला सांगलीला घेऊन आले, तेव्हा मुलीला ठेवायचं कुठं हा मोठा प्रश्न होता. सुभेदार वारले होते, पण माधवनगरच्या वाटेवर त्यांनी बांधलेल्या घरात काकू राहत होत्या. वडिलांनी दारात खाडकन सलाम ठोकला. “वैनीसाब, पोरगी तुमच्या ताब्यात देतो.” काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “हाडं तेवढी आणलीस व्हय रं? बरं, जा तू. भरती करून घेतली.”

घराचा कारभार पलटणीसारखाच होता. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत अंथरुणाची घडी झाली पाहिजे, आणि घडीचे कोपरे जुळले पाहिजेत. कामात मी वाद घालू लागले की त्या सुभेदारांच्या थाटात म्हणायच्या, “फालतू बात नहीं!” परीक्षेच्या भीतीनं मी एकदा रडत बसले होते. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. पुढ्यात शेंगांनी भरलेलं सूप सरकवलं आणि म्हणाल्या, “रडायचं तर रड, पर हात चालू ठेव.” शेंगा फोडता फोडता रडू कधी थांबलं ते मला कळलंच नाही. अजूनही मन भरून आलं की मी हाताला काहीतरी काम देते.

त्या घरात आणखी एक माणूस होतं. काकूंची सून, अनसूया. माझ्याहून थोडी मोठी. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे रंगरावांनी, तिला कधी नीट नांदवलं नाही. एका रजेत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ते निघून गेले, आणि पुढं वर्षानुवर्षं तिला ना निरोप ना बोलावणं. माहेरचे न्यायला आले तेव्हा काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या म्हणे. “नवरा कुणाचा बी असू दे, सून माझी हाय.” अनसूया त्यांना सासूबाई म्हणत नसे, आई म्हणे. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची, आणि तिचा लाकडी करंडा देवापुढं असायचा. मी तिला अक्षरं शिकवायचे. ‘अ’ काढून झाला की ती म्हणायची, “झालं की माझं नाव! बाकीचं तू घाल.”

मग एके दिवशी रंगरावांचं बोलावणं आलं. बसऱ्याला घर मिळालंय, पाठवून द्या, पलटणीतला एक माणूस येतोय त्याच्यासोबत. अनसूयाला जायचं नव्हतं. ती चुलीपुढं बसून म्हणाली, “आई, मला भ्या वाटतंय. इतक्या वर्सांनी कशी आठवण झाली?”

काकू म्हणाल्या, “माणूस सुधारतंय गं. आपल्या हातानं संसार मोडू नये. जा तू.”

ती गेली. करंडा पदरात गुंडाळून घेतला होता. त्या दिवसापासून काकूंच्या ताटाच्या कडेला दोन घास आले. “हा रंगाचा, हा अनूचा.” त्या दिवसांत काकू फार खुशीत असायच्या. चिमण्यांना दटावायच्या, “भांडू नका गं, दोघांचं हाय.”

काही महिन्यांनी रंगरावांनी कळवलं की अनसूया भांडून मुंबईच्या बोटीवर चढली, तिला उतरवून घ्या. आम्ही वाट पाहिली. ती आली नाही. काकू रोज दोन घास काढत राहिल्या. शेजारच्या बायका कुजबुजू लागल्या. नळावर एकीनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, “मुंबईत कुणीतरी असंल तिचं.” काकूंनी भरलेली घागर खाली ठेवली. “असंल तर सुखात राहू दे. तुझं पाणी भर.”

तपास सुरू झाला तो आमच्यामुळं नाही. बसऱ्याच्या बंदरावर मिरजेचा एक मुसलमान सुतार होता. त्याची बायको आणि अनसूया शेजारणी. अनसूया दिसेनाशी झाल्यावर त्या बाईनं खिडकीतून आत पाहिलं, तर कुंकवाचा करंडा देवळीत तसाच. तिनं नवऱ्यामागं लकडा लावला, “ही बाई करंडा सोडून गावाला जाणार नाही.” सुतार तिथल्या पोलिसांकडे गेला. पोलिसांनी बोटीवर चौकशी केली, तर त्या बोटीवर या नावाची कुणी बाई चढल्याचं कुणालाच सांगता येईना. तिथून कागद मुंबईला आला, मुंबईहून साताऱ्याला. पण आम्ही राहत होतो सांगली संस्थानच्या हद्दीत, म्हणून साताऱ्याहून पुन्हा दरबारकडे. असा फिरत फिरत शेवटी दरबारच्या परवानगीनं साताऱ्याचा फौजदार आमच्या ओट्यावर येऊन बसला. काकू त्याला म्हणाल्या, “आवं, तुमचा कागद एवढा हिंडला, त्यापरास तीच लवकर आली असती.”

त्यानं करंड्याचं सांगितलं.  काकू म्हणाल्या, “भांडून निघालेल्या बाईला भान कुठलं?” तेव्हा त्यांनी मुलाचीच बाजू घेतली. मला ते आवडलं नव्हतं, पण त्या आई होत्या. आज वाटतं, करंड्याचा तो शब्द त्यांच्या मनात तेव्हाच रुतला असणार. कारण त्या दिवशी जेवताना त्यांनी अनूचा घास नेहमीपेक्षा मोठा काढला.

भाद्रपदात रंगराव रजा घेऊन आले, बायकोला शोधायला. मुंबईच्या गोदीत विचारपूस करून आले, ओट्यावर बसून चारचौघांत रडले. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही. गालफडं बसली होती. दिवसासुद्धा ते एकटे खोलीत बसत नसत. पितृपंधरवडा चालू होता. अष्टमीला ते एक हिरवं लुगडं आणि खण घेऊन आले आणि आईपुढं ठेवून म्हणाले, “आई, उद्या नवमी हाय. एक सवाष्ण जेवू घालू.”

आमच्याकडे त्या नवमीला सगळे अविधवा नवमी म्हणतात. नवरा जिवंत असताना जी बाई गेली, तिच्या नावानं त्या दिवशी सवाष्णीला जेवण आणि हिरवं लुगडं द्यायचं. नाही दिलं तर ती बाई नवऱ्याच्या पाठीस लागते, असं लोक मानतात. ज्या घरात अशी कुणी बाई गेलेली नसते, तिथं त्या दिवशी काही करत नाहीत. काकूंच्या घरात त्या दिवशी कधी चूल वेगळी पेटली नव्हती. त्यांनी विचारलं, “कुणाच्या नावानं रं?”

“आजीच्या.”

काकूंनी लुगडं आत नेऊन ठेवलं. सकाळी उठून पुरण घातलं, शेजारच्या मुलाबरोबर त्याच्या आईला जेवणाचं बोलावणं धाडलं. मी स्वयंपाकघरात वाटण वाटत होते. ताट वाढून पाटापुढं ठेवलं, आणि बाई यायच्या आधी काकूंनी मुलाला हाक मारली. आमच्यात या दिवशी भटजी नसतो. घरच्या कर्त्या पुरुषानं ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि गेलेल्या बाईचं नाव घ्यायचं.

रंगरावांनी तांब्या घेतला. “आजीच्या...”

“तुझी आजी तुझ्या आज्याच्या मागनं गेली,” काकू म्हणाल्या. “पांढऱ्या कपाळानं गेली. तिची नवमी नसती. नाव घे, रंगा.”

तांब्यातलं पाणी जमिनीवर सांडत होतं. माझा हात पाट्यावर तसाच राहिला.

“नाव घेतल्याबिगर पाणी फिरत न्हाई. घे.”

“अनसूया,” ते म्हणाले, आणि मटकन खाली बसले. “आई, रोज डोळ्याम्होरं उभी ऱ्हाती गं. तिथं बी, हितं बी.”

काकूंनी ना आरडाओरडा केला, ना कपाळ बडवून घेतलं. एवढंच विचारलं, “कुठं ठेवलीस तिला?”

“नदीत.”

त्यांनी वाढलेल्या ताटातला एक घास काढला. मागच्या दारी गेल्या, पण पायरीपाशी थांबल्या नाहीत. अंगणात उतरल्या, टाचा उंचावल्या आणि तो घास कौलांवर ठेवला. कावळा लगेच आला. त्याच्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या, तेव्हा पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

आत येऊन त्यांनी मुलाला दुसरं ताट वाढलं. “जेव,” म्हणाल्या. “लांब जायाचंय तुला.” आणि हिरवं लुगडं बगलेत मारून त्या पोलीस कचेरीच्या वाटेला लागल्या. रंगराव पळून गेले नाहीत. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित ते थकले होते. काकू पोलिसांना घेऊन परतल्या तेव्हा ते ओट्यावरच बसलेले होते, आणि ताटातलं सगळं जेवलेले होते.

जबानीसाठी मी काकूंबरोबर साताऱ्याला गेले. तोच फौजदार होता. लिहून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “आजीबाई, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला काही कळलं नसतं. आईला कुणी दोष दिला नसता.”

काकू म्हणाल्या, “आई तर ती बी म्हणत हुती मला. आन् जा म्हणून मीच धाडली तिला. तिचं तोंड मिटलंय. तिच्या वाटचं कुणी बोलायचं, सायेब?”

रंगरावांना बोटीनं बसऱ्याला नेलं. तिथल्या कोर्टात त्यांनी सगळं कबूल केलं आणि जन्मठेप झाली. गावात काही बायका काकूंना ‘आई का कसाई’ म्हणाल्या. काकूंनी ते ऐकलं. जेवायला बसल्यावर मात्र रोजच्यासारखा भाकरीचा तुकडा मोडला. मला वाटलं होतं, आता त्या मुलाचं नाव टाकतील. “हा रंगाचा,” त्या म्हणाल्या. मी चमकून पाहिलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जिता हाय त्यो. भूक लागतीच की.” पायरीवर चिमण्या वाट बघत होत्या.

पुढं मी पुण्याला शिकायला आले. सुट्टीत न कळवता सांगलीला गेले, तर काकू जेवायला बसल्या होत्या आणि ताटाच्या कडेला दोन घास होते. “हा रंगाचा, हा शकूचा,” असं म्हणून त्यांनी मान वर केली, तो मी दारात. इतक्या दिवसांनी त्या हसल्या. “आलीस व्हय? मग चिमण्यांना कशाला?” असं म्हणत माझा घास त्यांनी माझ्याच तोंडात कोंबला. मी निघाले तेव्हा डब्यात शेंगा भरून दिल्या. “हात चालू ठेव,” एवढंच म्हणाल्या.

गेल्या माघात त्या वारल्या. वडिलांनी कळवलं तेव्हा सगळं उरकलं होतं. इथल्या वसतिगृहात मी जेवायला बसते, तेव्हा आधी एक घास काढून ठेवते. काकूंसाठी पितृपंधरवड्यात कौलावर ठेवीन. हा घास त्यांचा नाही. अनसूया माझी मैत्रीण होती, मला तिनं लिहिलेला तो एकच ‘अ’ अजून आठवतो, आणि माझा हात दर वेळी अडतो. पण बसऱ्याच्या तुरुंगातल्या त्या माणसासाठी घास काढणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. म्हणून तो खिडकीत चिमण्यांसाठी ठेवते. नाव तोंडातून येत नाही. नाव न घेताच जेवायला बसते.