भावोजींचं जायरोप्लेन

नव्वदच्या सुमाराला आमच्या डोंबिवलीच्या भावोजींनी शेडमध्ये जायरोप्लेन बांधलं, म्हणजे डोक्यावर पंखा असलेलं एका माणसाचं छोटं विमान. इंजिन बसवलं जुन्या मोटारीचं. मी म्हटलं, वजन कमी करा. तर माझ्यावरच खेकसले, “तुला काय कळतं रे? चालू वस्तू कोण फेकतं?” आणि त्या मोटारीचा सायलेन्सर, हॉर्न, वर स्टेपनीसुद्धा विमानावर चढवली. कंजूष कुठले!

खडवलीच्या माळावर नारळ फोडला, पेढे वाटले आणि स्वारी बसली. ते धूड बोंबलत माळभर धावलं, पण वीतभरही वर उचललं गेलं नाही. तेवढ्यात म्हैस आडवी आली. भावोजींनी ब्रेक मारला, मग हॉर्न दाबला. म्हैस ढिम्म. वर सगळं आभाळ मोकळं होतं आणि आमचे वैमानिक म्हैस बाजूला व्हायची वाट बघत बसले होते.