बाटलीच्या झाकणातला बाप्तिस्मा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या फादरनाही नाही. रोडपालीतल्या आमच्या शेजारणीच्या मुलीचा मी चोरून बाप्तिस्मा केला. घर आगरी, मुलगी आठ दिवसांची.

साल दोन हजार पाच-सहा असेल. पोरीला झटके येत होते आणि डॉक्टरांनी मुंबईला हलवा म्हणून सांगितलेलं. बाप द्रोणागिरीला कंटेनर यार्डात कामावर. भर दुपारी पनवेलच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि पोरीची आई, आमच्या शेजारच्या वहिनी, ॲम्ब्युलन्सची वाट बघत होतो. "दादा, जरा धरा हिला. सही करून येतंय," म्हणत त्या आत गेल्या.

मी तहसील कचेरीबाहेर वारसनोंदीचे अर्ज लिहायचो आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्म शिकवायचो. त्यामुळे आदामाचं पाप मला सातबाऱ्यासारखं स्वच्छ दिसायचं. जमीन मूळ पुरुषानंच घालवली, बोजा मात्र प्रत्येक वारसाच्या नावावर. बाप्तिस्मा झाला की तो उतरतो, आणि मरणाच्या दारात बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो. मीच शिकवायचो हे.

पाण्याच्या बाटलीचं सील निघेना, दातांनी काढलं. झाकणानं तीनदा कपाळावर पाणी ओतलं, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. नाव द्यायचं म्हणून घाईत माझ्या आजीचं दिलं. पोर शिंकली.

"ओली कशी झाली वो?" वहिनींनी विचारलं.

"घाम," मी म्हणालो.

पोरगी वाचली. "गावदेवीनं राखली. आमी कोंबडा बोललो व्हतो," असं वहिनी सगळ्यांना सांगत होत्या. तो कोंबडा मीही जेवलो. दोनदा वाढून घेतला.

पुढे मला घोर लागला. पोरगी आता कॅथलिक, आणि चर्चमध्ये मिस्साला कधीच येत नाही; मिस्सा चुकवणं हेही पापच. दर रविवारी माझ्या मनातल्या हजेरीत ती गैरहजर. आधी तिच्यावर फक्त आदामाचा बोजा होता. आता तिची स्वतःची पापं मी चढवत होतो. शेवटी फादरना आडून विचारलं, "समजा, कुणी चुकून दुसऱ्याच्या मुलाला..."

"कुणी म्हणजे?"

"असंच, उदाहरण."

"बाप्तिस्मा पुसता येत नाही."

आमच्याकडे कचेरीत सातबाऱ्यावरचा चुकीचा फेरफारसुद्धा प्रांतसाहेबांकडे अपील करून रद्द होतो.

आठ दिवसांच्या जिवात ज्याला पाप दिसतं, आणि ते उतरवायला ज्याला माझं झाकण लागतं, त्या देवाला दयाळू कसं म्हणायचं? तो धडा मी शिकवायचा सोडला. पण देवाचं नंतर. आत वहिनी ती जगावी म्हणून सही करत होत्या, आणि बाहेर त्यांनीच माझ्या हाती दिलेल्या पोरीला मी मेलेली धरून चाललो होतो.

परवा ती शाळेचा अर्ज घेऊन आली. सातवीत आहे. धर्माच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.

"काका, हिंदू लिहा ना. येवढं पन म्हाईत नाय?"

लिहिलं.

वहिनींना खरं सांगणं आणि त्यांची माफी मागणं, दोन्ही माझ्याकडून अजून बाकी आहे.