दप्तरं नेणारी गाडी

मी आठवीत असताना, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, आमच्या गावाला जाणारी संध्याकाळची एसटी बंद झाली. आम्ही अकरा जण हायस्कूलजवळच्या फाट्यावर साडेसहापर्यंत उभे होतो. गाडी आली नाही.

गावातली शाळा सातवीपर्यंत होती. हायस्कूल पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेवरच्या गावात. अंतर नऊ किलोमीटर, त्यातलं निम्मं सागाच्या जंगलातून. सकाळची गाडी आम्हाला नेऊन सोडायची आणि पाच वीसची घरी आणायची. आम्ही सहा मुली आणि पाच मुलगे होतो. सगळ्यांत शेवटी उतरायची ती माझी मैत्रीण. तिचा तांडा आमच्या गावाच्या पुढे एक किलोमीटरवर. तिचे वडील हैदराबादच्या ट्रकवर होते, महिन्यातून दोनदा घरी यायचे. प्रवेशाच्या दिवशी ते मुख्याध्यापकांना म्हणाले होते, "गाडी हाये तवर शाळा, सर. गाडी नाई, त शाळा नाई." मी तिथेच उभी होते.

हायस्कूलमध्ये पाच वाजल्यानंतरही शाळा असते, हे आम्हाला जुलैत कळलं. आधी वृक्षारोपण होतं. मग खो-खोचा सराव सुरू झाला. गावातल्या एकाचा दुधाचा टेम्पो साडेसहाला फाट्यावरून रिकामा परतायचा. सरावाला थांबणारे त्यात बसून यायचे. माझी मैत्रीण थांबत नसे. ती वर्गात सगळ्यांत जोरात पळायची. खेळाचे सर म्हणाले, ही असेल तर संघ होईल.

मी तिला म्हटलं, "थांब ना बाप्पा. गाडी काय पळून जाते?"

"पळते. रोज पाच वीसले पळते."

"मंग टेम्पो हाये ना."

ती थांबली. वडील घरी असले, की तेवढे दिवस गाडीनं जायची. तिच्या आईनं काही विचारलं नाही.

सप्टेंबरपर्यंत अकराही जण कशात ना कशात होते. वाहकाला आमची रिकामी गाडी आवडत नव्हती. फाट्यावर तो खिडकीतून ओरडला, "काहून रे पोट्टेहो, चढत नाई का? मी का सीटा फिरवून राह्यलो?"

आमच्यातली एक म्हणाली, "काका, आमची दप्तरं बसवून न्या. तेवढीच गाडी भरते."

तो हसला आणि दप्तरं घेतली. त्या दिवसापासून ती रोजची पद्धत झाली. एका सीटवर एक दप्तर. गावच्या थांब्यावर चहावाला ती उतरवून घ्यायचा आणि माझ्या मैत्रिणीचं दप्तर तांड्यावर तिच्या आईच्या हातात जायचं. आम्ही मोकळ्या हातांनी टेम्पोनं मागून यायचो. गावातली मोठी माणसं मोटारसायकलवर जायची. त्या गाडीला आमच्याशिवाय फारसं कोणी नव्हतं. हे आम्हाला माहीत होतं.

तालुक्याच्या स्पर्धेत आमचा संघ दुसरा आला. दिवाळीनंतर विज्ञान प्रदर्शन, मग गॅदरिंगच्या नाचाची तालीम. ती दोन्हींत होती.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी तपासणीस जंगलाच्या वळणावर गाडीत चढला. मी तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी वाहकानं सांगितलं ते असं : गाडीत दोन म्हातारे होते आणि अकरा दप्तरं. तपासणीसानं दप्तरांकडे पाहिलं, प्रवासी दोन असं लिहिलं आणि उतरला.

वाहक त्या दिवशी हसत नव्हता. "आता दप्तर नाई घेत मी. तुमी चढा."

"गॅदरिंग झालं की रोज येतो, काका."

"या. तवा गाडी असन त."

त्यानंतर आठवडाभर आम्ही गाडीनं गेलो. मग तालीम पुन्हा सुरू झाली. गॅदरिंग जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी झालं. आमच्या नाचाला वन्समोअर मिळाला. पुढच्या आठवड्यात वाहकानं एकदाच सांगितलं, की वरून कागद आला आहे. कसला, ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

सोमवारी गाडी आली नाही. मंगळवारी सरपंचांनी आगारात फोन केला. प्रवासी नसल्यानं फेरी रद्द, असं उत्तर मिळालं. मुख्याध्यापकांनी अर्ज केला. प्रवासी मिळण्याची खात्री झाल्यास विचार करू, असं पत्र आलं. मुलगे सायकलनं येऊ लागले. सकाळची गाडी चालू होती; संध्याकाळी आम्ही मुली टेम्पोनं यायचो, कधी माझे काका मला मोटारसायकलवर आणत.

माझी मैत्रीण आठ दिवस शाळेत आली नाही. रविवारी मी तांड्यावर गेले. तिचे वडील अंगणात होते.

"काका, टेम्पो हाये ना. आमी साऱ्या पोरी येतो त्याच्यात."

"मले माहीत हाये. साऱ्या सालभर आली ते टेम्पोत." ते आवाज न चढवता बोलत होते. "सरकारी गाडीले टाइम राह्यते, नंबर राह्यते. टेम्पोले काय? मी तिकडं हैदराबादच्या रस्त्यावर. कोणाले विचारू, पोरगी कुठी हाये म्हून?"

ती दारात उभी होती. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आली.

"तू म्हनली थांब, मी थांबली," ती म्हणाली. एवढंच.

एप्रिलमध्ये वडिलांनी तिला परीक्षेला आणलं आणि पेपर सुटेपर्यंत ते बाहेर थांबले. ती पास झाली. जूनच्या अखेरीस नववीचा वर्ग सुरू झाला. ती आली नाही. शाळा सोडल्याचा दाखला वडिलांनी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नेला. त्याची नोंद मी पुढे शाळेच्या रजिस्टरमध्ये पाहिली. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलेलं आहे.