मोठेबाबांचा फ्रेंच करार

आमच्या गावात परराष्ट्र धोरण सगळ्यात जास्त मलाच कळतं. (कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा!) कारण माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, परराष्ट्र खात्यात मोठे अधिकारी होते. भद्रावतीजवळच्या आमच्या गावातून अनवाणी शाळेत गेलेला हा माणूस पन्नासच्या दशकात नोकरीला लागला आणि रंगून, कैरो करत थेट ब्रुसेल्सच्या दूतावासात पोहोचला.

यंदा गावच्या वाचनालयाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. वक्ता कोण? मीच! त्यांच्या जुन्या ट्रंकेत मला एक फ्रेंच कागद सापडला. खाली झोकदार सही, मजकुरात मोठेबाबांचं नाव तीनदा. फ्रेंच मला येत नाही. पण करार दिसला की कळतो! मी तो सोनेरी चौकटीत बसवून आणला.

"आधी कोणाकडून वाचून त घ्या," बायको म्हणाली.

"काऊन? मले समजत नाई का?"

समारंभाला समाजमंदिर गच्च भरलं. मी चौकट उंच धरली. "या एका कागदानं दोन देशांतलं युद्ध टळलं!" टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून मी सरहद्दीवर रणगाडेही आणून उभे केले.

पहिल्या रांगेत मोठेबाबांची मुलगी सुमनताई बसली होती. वय पंच्याहत्तर, बालपण ब्रुसेल्सचं. तिनं उठून चौकट हातात घेतली, चष्मा लावला आणि हसतच सुटली.

"अरे, हे शेजारणीचं पत्र आहे! 'तुमच्या घरातून मेलेल्या प्राण्याचा वास येतो. पोलिसांना बोलावू का?'"

मागून कुणीतरी ओरडलं, "रणगाडे कुठी गेले, भाऊ?"

"आई गावच्या तलावातले सुकवलेले झिंगे भाजायची," ताई माईकवर सांगू लागली. "बाबांनी उत्तर लिहिलं नाही. कोट-टाय घालून गेले आणि त्या बाईंना जेवायलाच घेऊन आले. पहिला घास नाक धरून. मग ताट पुढं! पुढे दर रविवारी यायच्या. आमची बदली झाली, तर आईच्या गळ्यात पडून रडल्या."

हसता हसता लोकांचे डोळे ओले झाले. निदान समारोप तरी करावा म्हणून मी घसा खाकरला. सरपंचबाईंनी माझा दंड धरला.

"तुमी बसा, भाऊ. बाई खरं सांगून राह्यल्या, त्यातच जास्त मजा येऊन राह्यली!"

मी बसलो. (खुर्ची ताईची होती. तेवढा प्रदेश मात्र मी बिनविरोध जिंकला!)