सातवी रेघ

पान उलटं करायचं, त्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, "पानाला सवड द्या, सर." नर्सरीतल्या मावशींचं हे ठरलेलं.

बेटेगावच्या रस्त्यावर ती नर्सरी. मावशी वाणगावच्या आतल्या डोंगराकडच्या. शाळेसाठी रोपं घ्यायला मी तिथे जायचो. तुम्हीही पाहिलं असेल, गिऱ्हाईक नेमकं सगळ्यात गडद रोप उचलतं. मीही तेच करायचो. वर विज्ञानाचा शिक्षक!

एकदा त्यांनी मोगऱ्याची दोन रोपं पुढे ठेवली. "यातला सावलीतला कोनचा?"

मी ऐटीत फिकट रोप दाखवलं. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या.

"काळं पान म्हंजे भुकेलं पान. उजेड पुरत नाय, म्हनून हिरवा भरून घेतंय. आनि तुमी पोरांना शिकवता!"

जास्त ऊन तर जास्त हिरवं, असं मी वर्षानुवर्षं शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली.

पुढे आई गेली. घरात आम्ही दोघंच होतो. मी रजा टाकली, तिच्या खोलीचे पडदे ओढले. तिने लावलेला फुलांचा अनंत त्याच खोलीत, कुंडीत. फक्त पाणी घालायला दार उघडायचो. काही महिन्यांत पानं काळपट हिरवी झाली, कळी धरेना. तो गेला असता तर आईचं काहीच उरलं नसतं. घाबरून नर्सरीत गेलो.

"उद्याच गच्चीवर उन्हात ठेवतो," म्हणालो.

मावशींनी झारी खाली ठेवली. "मारायचंय का त्याला? एवढा हिरवा घेऊन उन्हात गेलं तर करपंल ना. तो उतरवाया त्याला दिस लागतात."

संध्याकाळी त्या घरी आल्या. विटेच्या तुकड्याने गच्चीवर सात रेघा ओढल्या. पहिली पाण्याच्या टाकीच्या सावलीत, सातवी भर उन्हात.

"चार दिसांनी एक रेघ. मी येऊन हलवीन. तुमी हात नाय लावायचा."

त्या यायच्या, कुंडी पुढे सरकवायच्या, पान उलटं करायच्या. जाताना विचारायच्या, "जेवलात का?" मी हो म्हणायचो. त्या स्वयंपाकघरात डोकावायच्या आणि कुकर लावायच्या.

चार दिवस मोजणं मला जमलं नसतं का? हे मला फार उशिरा सुचलं.

सहाव्या रेघेनंतर त्या आल्या नाहीत. वाट पाहून नर्सरीत गेलो. मालक म्हणाला, "गावी ताप आला, सर. दोन दिवसांत गेल्या." मी तिथेच एका पालथ्या कुंडीवर बसून रडलो. आई गेली तेव्हा असं रडता आलं नव्हतं.

कुंडी सहाव्या रेघेवरच राहिली. हात लावायचा नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. बरेच दिवस गेले. मग एका सकाळी गच्चीवर गेलो. नवी पानं आली होती, फिकट आणि जाड. एक उलटं करून अंगठा फिरवला आणि कुंडी सातव्या रेघेवर सरकवली.

खाली आलो, आईच्या खोलीचे पडदे उघडले आणि कुकर लावला. विचारायला कोणी नव्हतं, तरी पोटभर जेवलो.