जोडी कशी ओळखायची

जोडी मला लांबून ओळखू येते. ही बढाई नाही, अनुभव आहे. कामरगावात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवता चालवता मी निम्मं आयुष्य जुने, हसरे, प्रेमाचे पिच्चर पाहण्यात घालवलं. लहानपणी गणपतीत भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर, मग दुपारच्या टीव्हीवर, आणि आता तांब्याची तार गुंडाळताना समोर टेकवलेल्या मोबाइलवर. बायको म्हणते, "तेच ते पाहून कंटाया नाही येत का तुमाले?" आता कंटाळा कसा येईल? दोघांचं शेवटी जमणार हे सुरुवातीलाच माहीत असतं. कसं जमतं ते पाहायचं असतं. वरणभात रोजचाच असतो म्हणून कोणी ताट सरकवतं का?

लोक म्हणतात, त्या जोड्या दिसायला देखण्या होत्या म्हणून चालल्या. साफ खोटं! देखणी माणसं तेव्हाही ढिगाने होती आणि त्यांचे पिच्चर दाणकन पडले. जोडी चालते ती शब्द झेलण्यावर. ती रागाने काहीतरी फेकते आणि तो ते खाली पडू देत नाही, एवढंच. माझी एक लाडकी जोडी आहे. तो उंच, बावळट चेहऱ्याचा. ती ठेंगणी, नाकावर राग. चुकून दोघांना एकाच लॉजवर राहावं लागतं आणि अख्खा पिच्चर ते पंख्याचं तोंड कोणाकडे करायचं यावरून भांडतात. एकमेकांना बोटसुद्धा लावत नाहीत. तरी पाहणाऱ्याला वाटतं, अरे, लावून द्या रे यांचं लग्न कोणीतरी! असं वाटायला लावणं सोपं नाही. आजकालचे हिरो-हिरोइन बर्फात जाऊन गळ्यात पडतात, पण बोलायला लागले की दोघं दोन वेगळ्या गावच्या बसमध्ये बसल्यासारखे.

हे सगळं सांगायचं कारण माझी भाची. ताईची एकुलती एक पोरगी. बी. ए. झालेली, मेडिकलच्या दुकानात कामाला, जीभ अशी की डॉक्टरच्या चिठ्ठीलाही उलट प्रश्न विचारेल. तिला पाहायला पाहुणे येत आणि तीच त्यांना नापसंत करी. एक जण स्वतःबद्दलच बोलत राहिला, दुसऱ्याने विचारलं, "लग्नानंतर नोकरी सोडशीन ना?" ताईने डोक्याला हात लावला होता. ताईच्या गावातल्या, धनजमधल्या बायका कुजबुजायला लागल्या होत्या, "पोट्टीचं वय चाललं ना वं निंघून." शेवटी भाऊजींनी मला फोन केला. "मामाचा शब्द आखरी. तू हो म्हनशीन त हो, नाही म्हनशीन त नाही. आता माह्याच्यानं होत नाही."

आमच्याकडे सोयरिकीत मामाला मान असतोच. पण इथे अख्खा निकालच माझ्या हातात दिला होता. मी म्हटलं, योग्य माणसाला दिला.

जऊळक्याचा मुलगा पाहायला आला त्या दिवशी मी सकाळीच धनजला जाऊन बसलो. मुलगा शेतकरी. हळद, सोयाबीन, विहिरीला पाणी. घर चांगलं, माणसं साधी. आता पाहणीची आमची रीत अशी की ज्यांचं लग्न व्हायचं त्या दोघांना सोडून बाकी सगळे बोलतात. पोरीने ट्रे आणायचा, नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं, आत जायचं. पोराने चटईकडे पाहत राहायचं. अशाने जोडी कळते का कधी? म्हणून मी ठरवलं, आपणच फेकून पाहू, झेलतो का.

भाची ट्रे घेऊन आली तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "पाहुणे, आधीच सांगून ठेवतो, आमची पोरगी लय भांडते."

मुलाने मान वर केली. चेहरा सपाट. "हो का? मंग टाइम ठरवा लागीन. सकाळी मले पानी द्याले जा लागते."

मी त्याला समजावलं, "अरे बाबू, भांडन काही टाइम ठरवून होत नसते."

"असं हाय का," तो म्हणाला. "मले माहीत नव्हतं."

आता काय बोलावं याला! मी मग माझं सगळं शास्त्रच त्याच्यापुढे मांडलं. जोडी म्हणजे काय, शब्द झेलणं म्हणजे काय, त्या लॉजवरच्या पंख्याची पूर्ण गोष्ट, हावभावासकट. भाऊजी खाकरत होते, मी थांबलो नाही. तो शांतपणे ऐकत होता. प्रत्येक वाक्याला "बरोबर हाय मामा." आणि सगळं संपल्यावर त्याने विचारलं, "मामा, मंग त्या दोघाईच्या वावरात पेरनी कोन करे?"

मी म्हटलं, "अरे, तो हिरो हाय. त्याले वावर कुठून येईन?"

"तरीच," तो म्हणाला. "तरीच त्याले पंख्यावरून भांडाले टाइम भेटला."

तेवढ्यात बाजूला ट्रे घेऊन उभ्या असलेल्या भाचीच्या हातातले रिकामे कप खडखडले. ट्रे पडतो की काय असं वाटलं. ती झपकन आत गेली. मला वाईट वाटलं, पोरगी घाबरली बिचारी, अशा ठोंब्यासोबत जन्म काढायचा म्हणून. पाहुणे निरोप सांगा म्हणून निघाले आणि त्यांची जीप वळणाआड जाते न जाते तोच मी अंगणात निकाल दिला. "नाही जमत. लाकूड हाय लाकूड! एवढं समजावून सांगतलं आन हा पेरनीचं विचारते. गाढवापुढे वाचली गीता."

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "चांगलं घर हाय रे. पोरगा निर्व्यसनी हाय." मी म्हटलं, निर्व्यसनी तर आपली मोटारही आहे. भाऊजींनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "तूच सांग मंग त्याईले. शब्द तुहा."

मी नंबर शोधत होतो तेव्हा भाची बाहेर आली. साडीचा पदर खोचलेला, हात ओले, आणि डोळे असे लाल की मला वाटलं, ही रडली.

"मामा, काहून नाही म्हनून राह्यले?"

"अवं, तो हसत नाही, बोलत नाही..."

"मामा, तो तुमची मजा घेऊन राह्यला होता."

भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलताना मला स्पष्ट दिसत होते. म्हणजे ह्यांनाही कळलं होतं!

"मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली," ती म्हणाली. "डोळ्यातून पानी आलं माह्या. आन तुमी एवढे पिच्चर पाह्यता, तुमच्या त्या पंख्यावाल्या पिच्चरमधला हिरो हसते का कधी? तो हसत नाही म्हनून त आपन हसतो ना." मग तिचा आवाज जरा उतरला. "आजपर्यंत जे आले ते मले पाहून गेले, मामा. कपबशी पाहाव तसे. ह्यानं पयल्यांदा मले सोबत घेतलं. सगळ्याईच्या देखत, तुमाले समजू न देता. असा मानूस मले पुन्हा कुठं भेटन?"

राग आला होता, नाही कशाला म्हणू? गालातल्या गालात न हसताही एका पोराने मला सगळ्यांसमोर गुंडाळलं होतं! पण त्याहून मोठा आनंद झाला. माझा नियम शंभर टक्के खरा ठरला होता. त्याने फेकलं होतं आणि तिने आतल्या खोलीत जाऊन झेललं होतं. फक्त मधे मी उभा होतो.

मी जऊळक्याला फोन लावला. पाहुणे अजून जीपमध्येच होते. मुलाच्या वडिलांनी फोन उचलला आणि गाडीच्या आवाजात ओरडून विचारलं, "काय ठरलं मामा?" मी म्हटलं, "माह्या शब्दाचं सोडा. जिचं लगन हाय तिलेच विचारा," आणि फोन स्पीकरवर टाकून भाचीपुढे धरला. ताई "अरे, अरे" करत राहिली. पोरीने स्वतः होकार सांगायचा, असं आमच्यात कोणी ऐकलंही नव्हतं.

भाची फोनकडे वाकली. "माह्याकडून हो हाय," ती म्हणाली. "मामाले समजाले जरा वेळ लागला."

तिकडे अख्खी जीप हसली. वडील, काका, गाडी चालवणारा, सगळे. फक्त एका माणसाचा आवाज आला नाही. आणि माझी भाची, ओले हात तोंडावर दाबून, त्या न आलेल्या आवाजाला हसत होती.